घोडं नेमकं अडतं कुठे?

हा आपल्या इतिहासाच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना माझं "अं" आणि "म्हणजे बघा" जरा जास्तच झालं होतं, ते काढलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं.

सुरुवात माथेरानपासून करतो. मागच्या मे महिन्यात आम्ही चार मित्र गेलो होतो. दस्तुरी नाक्याला गाडी लावली आणि सामानासाठी एक घोडा केला. घोड्याचं नाव रॉकी. त्याचे मालक पन्नाशीचे काका, लगाम धरून बाजूने चालत होते. मी आपलं सहज विचारलं, "काका, याला बघायला डॉक्टर वगैरे येतात का?"

"येतात ना. मध्ये रक्त घेऊन गेले. रोग आहे का बघतात."

"आणि निघाला तर?"

काका दोन पावलं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "निघाला तर घोडा जातो, दादा."

मला वाटलं 'जातो' म्हणजे विकावा लागतो. तसं नव्हतं. ग्लँडर्स नावाचा एक रोग आहे. जिवाणूंमुळे होतो, नाकातून घाण वाहते, अंगावर गाठी येऊन फुटतात. तो माणसालाही होऊ शकतो आणि त्यावर लस नाही. त्यामुळे घोड्याला ग्लँडर्स आहे असं तपासणीत पक्कं झालं, की त्याला कायद्यानेच मारून टाकतात. रॉकीच्या बाबतीत 'जातो'चा अर्थ हा होता.

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. रात्री दोन वाजेपर्यंत एकामागून एक टॅब उघडत बसलो आणि माथेरानहून निघालेला मी पोचलो थेट १९५६ च्या ऑलिंपिकला. आजचा एपिसोड म्हणजे तोच प्रवास. आणि प्रश्न एकच: हे घोडं नेमकं अडतं कुठे?

एक ऑलिंपिक, दोन खंड

१९४९ साली मेलबर्नला १९५६ चं ऑलिंपिक मिळालं. फक्त एका मताने, समोर ब्यूनोस आयर्स होतं. ऑस्ट्रेलियात आनंदीआनंद! मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीही असते. ऑस्ट्रेलियाचा नियम असा होता की परदेशातून आलेल्या घोड्याने सहा महिने क्वारंटाईनमध्ये काढायचे. आपल्याला चौदा दिवसांत भिंती खायला उठल्या होत्या, इथे सहा महिने! आणि हा खेळातला घोडा, रोज सराव लागणारा. सहा महिने तबेल्यात उभा राहिलेला घोडा अडथळे काय कपाळ ओलांडणार?

ऑलिंपिकवाल्यांनी गळ घातली, सरकार हललं नाही. शेवटी १९५४ मध्ये ठरलं की घोड्यांच्या स्पर्धा स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला घ्यायच्या. त्याही जूनमध्ये, म्हणजे बाकी ऑलिंपिकच्या पाच महिने आधी. ऑलिंपिक एका शहरात होतं हा नियम बाजूला ठेवला, पण घोड्यांचा नियम बाजूला ठेवला नाही. स्टॉकहोममध्ये २९ देशांचे स्वार आले. उद्घाटनाची ज्योतसुद्धा घोड्यावरून आली.

याच स्पर्धेत जर्मनीच्या हान्स गुंटर विंकलरची गोष्ट घडली. पहिल्या फेरीत त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला. दुसऱ्या फेरीत तो वेदनाशामक घेऊन खोगिरावर कसाबसा बसला होता, घोडीला नीट इशारेही देऊ शकत नव्हता. त्याची घोडी हल्ला त्याला घेऊन सगळे अडथळे एकही न पाडता पार करून गेली. वैयक्तिक सुवर्ण आणि सांघिक सुवर्ण, दोन्ही. जगातली त्या वर्षीची सगळ्यात गाजलेली घोडी, पण मेलबर्नच्या बंदरात तिला कोणी उतरू दिलं नसतं. कारण ती कुठून आली, वाटेत कोणाशेजारी उभी होती, तिला कोण चावलं, हे ऑस्ट्रेलियाला माहीत नव्हतं. ती आजारी आहे असं कोणीच म्हणत नव्हतं. तिच्याबद्दल खात्री देणारं कोणी नव्हतं, एवढंच.

पुण्यातली प्रयोगशाळा आणि एक मराठी शब्द

आता ऑस्ट्रेलिया एवढा हट्टी का होता? हे समजायला जहाजांच्या काळात जायला लागेल, आणि त्यातली बरीच जहाजं आपल्याकडेच लागायची.

एकोणिसाव्या शतकात भारत म्हणजे घोड्यांची प्रचंड मोठी बाजारपेठ. ब्रिटिश फौजेला घोडे लागायचे, रेसला लागायचे, बग्गीला लागायचे. इराणच्या आखातातून अरबी घोडे मुंबईला उतरायचे. ऑस्ट्रेलियातून यायचे ते 'वेलर', न्यू साउथ वेल्सवरून पडलेलं नाव. कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा बंदरांत ते उतरायचे. आणि एवढे घोडे इकडून तिकडे जातात म्हटल्यावर त्यांच्यासोबत रोगही फुकटात प्रवास करणार.

त्यातला एक रोग म्हणजे सर्रा. घोडा तापतो, झिजत जातो, पाय सुजतात आणि बऱ्याचदा मरतो. उंटांनाही होतो. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ एव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याने आजारी जनावरांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात वळवळणारे परजीवी. एव्हान्स म्हणाला, हेच रोगाचं कारण. त्याचं म्हणणं आधी फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे तो बरोबर ठरला आणि त्या परजीवीला त्याचंच नाव मिळालं. चावणाऱ्या मोठ्या माश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात.

आता गंमत ऐका. 'सर्रा' हा शब्द आज जगभरच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. तो आला कुठून? काही इंग्रजी शब्दकोश याचं मूळ मराठी देतात: 'सूर', म्हणजे नाकातून वाजणारा श्वास. आजारी घोडा धापा टाकतो तो आवाज. विचार करा, कुठल्या तरी तबेल्यात एखादा मोतद्दार घोड्याच्या नाकाशी कान लावून उभा असेल. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही, पण रोग त्याच्या कानाला आधी कळला. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. शब्द मात्र राहिला.

सरकारला प्रयोगशाळेची गरज पटली तेव्हा ती निघाली पुण्यात. १८८९ साली, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. जागा कोणती? कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी! सीओईपीचे जे श्रोते आहेत त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रावर खूप काम केलं. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, कारण एवढे संसर्गजन्य रोग हाताळायचे तर गजबजाटापासून लांब असलेलं बरं. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. आणि १८९९ मध्ये ग्लँडर्ससाठी भारतात वेगळा कायदाही झाला. म्हणजे माथेरानच्या काकांची भीती सव्वाशे वर्षं जुनी आहे.

आता ऑस्ट्रेलियाकडे परत. १९०७ मध्ये भारतातून गेलेले उंट पश्चिम ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलंडला उतरले आणि त्यांच्यात सर्रा सापडला. तो तिथल्या तिथे संपवला गेला. पण समजा सुटला असता? मोकळे हिंडणारे हजारो उंट आणि जंगली घोडे असलेल्या त्या खंडात तो परत कधीच आवरला नसता. समुद्र हीच आपली भिंत आणि तिला भोक पडता कामा नये, ही ऑस्ट्रेलियाची समजूत अशा अनुभवांतून पक्की झाली. १९५६ चा हट्ट आकाशातून पडला नव्हता.

अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे?

बरं, भिंत बांधणं हा एक उपाय. दुसरा उपाय म्हणजे एकमेकांना खरं सांगणं. त्याचीही सुरुवात भारतीय जनावरांपासून झाली. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं वाटेत बेल्जियममध्ये अँटवर्प बंदरात उतरवली. त्यांच्यासोबत बुळकांडी आली आणि बेल्जियमच्या गुरांमध्ये पसरली. युरोप हादरला. त्यातून २५ जानेवारी १९२४ ला पॅरिसमध्ये २८ देशांनी मिळून प्राण्यांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय काढलं. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. आपली नेहमीची डब्ल्यूएचओ निघाली १९४८ ला. म्हणजे माणसांच्या आधी गुरांची! या संस्थेचा पाया साधा आहे: तुमच्या देशात मोठा रोग निघाला की लपवायचा नाही, कळवायचा. त्या काळात तार करायची, आज ऑनलाइन प्रणालीत भरायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच घोडं अडतं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. माझ्या आधीच्या एका कंपनीत एक अलर्ट सारखा वाजायचा. कोणीतरी वैतागून तो म्यूट केला. पुढचे तीन आठवडे डॅशबोर्ड हिरवागार. मॅनेजर खूश, आम्ही खूश. आणि मग एका शुक्रवारी कळलं की काही ग्राहकांचे व्यवहार तीन आठवडे अर्धवट अडकून पडलेत. सिस्टम ठीक नव्हतीच, आम्ही बघणं बंद केलं होतं.

रोगांचंही हेच. "आमच्याकडे एकही केस नाही" हे वाक्य दोन प्रकारचे देश बोलतात. एक, ज्यांनी हजारो निरोगी घोड्यांचं रक्त तपासून खात्री केली. दुसरे, ज्यांनी तपासलंच नाही. कागदावर दोघांचाही आकडा शून्य. त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियम विचारतात की शून्य आलं कसं? किती नमुने घेतले, कोणत्या भागातून, कोणत्या प्रयोगशाळेत, किती महिने सलग? निरोगी घोड्याची तपासणी म्हणजे वेळ फुकट घालवणं वाटतं, पण रोगमुक्त असल्याचा पुरावा त्यातूनच तयार होतो.

आणि यात एक अन्यायही आहे. जो देश मन लावून शोधतो त्याला रोग सापडतो. सापडला की कळवावा लागतो. कळवला की बाकीचे देश त्याच्या घोड्यांना दार बंद करतात. प्रामाणिकपणाची शिक्षा लगेच, आणि बक्षीस मिळालंच तर अनेक वर्षांनी.

कुंपण लहान होत गेलं

१९५६ नंतर नियम बदलत गेले, पण बहुतेक वेळा वरातीमागून घोडं. आधी साथ, मग नियम.

मोठा धडा आफ्रिकन हॉर्स सिकनेसचा. चिलटांसारख्या बारीक माश्यांमधून पसरणारा विषाणू. घोड्यांच्या फुप्फुसात पाणी भरतं आणि नव्या भागात साथ आली तर बहुतेक घोडे मरतात. १९५९ मध्ये तो इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानात शिरला आणि १९६० मध्ये भारतात. दोनेक वर्षांच्या त्या साथीत मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया मिळून तीन लाखांहून जास्त घोडे-खेचरांसारखी जनावरं गेली. तीन लाख! टांगे, लष्कराची खेचरं, शेतमाल ओढणारी तट्टं. इतिहासाच्या पुस्तकात याची ओळसुद्धा नाही.

मग १९८७. नामिबियातून काही झेब्रे स्पेनच्या एका सफारी पार्कात आणले. झेब्र्याला हा विषाणू फारसा त्रास देत नाही, तो मजेत गवत खात राहतो. पण त्याच्या रक्तातून चिलटं आणि चिलटांतून स्पेनचे घोडे. १९९० पर्यंत साथ चालली. आणि १९९२ चं ऑलिंपिक कुठे होतं? बार्सिलोनाला!

१९५६ चा न्याय लावला असता तर घोडे पुन्हा दुसऱ्या देशात गेले असते. या वेळी युरोपने वेगळा विचार केला. रोग होता दक्षिणेला, बार्सिलोना ईशान्येला. मग अख्ख्या स्पेनला एक समजायचं कशाला? देशाच्या आत रोगमुक्त क्षेत्र आखा, तिथे घोड्यांची ये-जा बांधून टाका, सतत तपासा, आणि खात्री पटली की पाहुण्या घोड्यांना येऊ द्या. बार्सिलोनात स्पर्धा झाल्या.

इथून पुढे हे कुंपण लहान लहान होत गेलं. आधी पूर्ण देश, मग देशातला प्रदेश, मग एखादी बंदिस्त संस्था. २०१४ मध्ये जागतिक संघटनेने खेळातल्या घोड्यांचा उच्च आरोग्य दर्जाचा वेगळा गटच मान्य केला. हे घोडे कायम डॉक्टरांच्या नजरेखाली असतात, त्यांच्यात चिप बसवलेली, पासपोर्टवर प्रत्येक लस आणि तपासणी नोंदलेली. इतर घोड्यांत मिसळायचं नाही, स्पर्धेसाठी ठरावीक दिवस जायचं, परत यायचं. कुंपण आता घोड्यासोबतच विमानात बसतं म्हणा ना.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी घोडे पुन्हा बाहेर गेले, हाँगकाँगला. तिथल्या जॉकी क्लबकडे तबेले, दवाखाना, प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षांचा विश्वास होता. चीनने मग कामच हातात घेतलं. २०१० च्या ग्वांगझू एशियाडसाठी त्यांनी रोगमुक्त क्षेत्र उभं केलं आणि पुढे हांगझोऊसाठीही तेच केलं.

एका माणसाचे कपडे

पण कुंपण कितीही चांगलं बांधा, त्याच्या फाटकातून माणसं ये-जा करतात. आणि हे शिकायला लागलं ते कोणाला? ऑस्ट्रेलियालाच.

ऑगस्ट २००७. जपानमध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ सुरू होती. तिथून आलेले महागडे नर घोडे सिडनीजवळ ईस्टर्न क्रीकच्या सरकारी क्वारंटाईन केंद्रात होते. ऑस्ट्रेलियात हा फ्लू कधीच आला नव्हता, त्यामुळे तिथल्या एकाही घोड्याला प्रतिकारशक्ती नाही. काही दिवसांत मेटलंडच्या एका स्पर्धेत घोडे जमले, घरोघरी परतले, आणि सिडनीच्या सेंटेनियल पार्कमधले घोडे खोकायला लागले. मग देशभर घोड्यांची हालचाल बंद. सिडनीचा वसंतातला रेसिंगचा हंगाम रद्द. सुमारे दहा हजार जागांवर संसर्ग पोचला.

सरकारने माजी न्यायाधीश इयन कॅलिनन यांची चौकशी नेमली. अहवाल वाचताना मला ऑफिसमधला एखादा पोस्टमॉर्टेम वाचतोय असं वाटलं. तंत्रज्ञान फेल झालं नव्हतं. घोड्यांजवळ काम करून माणसं बाहेर पडत होती, आणि अंघोळ करणं, कपडे बदलणं, अवजारं धुणं हे नियम कागदावर असले तरी प्रत्यक्षात पाळले जातात की नाही हे कोणी नीट बघत नव्हतं. विषाणू कोणाच्या तरी अंगावरून किंवा सामानावरून बाहेर गेला असण्याचीच सगळ्यात जास्त शक्यता, असा निष्कर्ष. पन्नास वर्षांपूर्वी ऑलिंपिकला नाही म्हणणारी भिंत, आणि ती ओलांडली बहुधा एका शर्टाने.

एक गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियाकडून शिकण्यासारखी. त्यांनी सांगितलं, लपवलं नाही. हालचाल थांबवली, लसीकरण केलं, घोडा अन् घोडा शोधला, आणि २००७ संपता संपता साथ संपवली.

दुसरी गोष्ट अगदी आपल्या काळातली. फेब्रुवारी २०२१, आपण मास्क लावून फिरत होतो तेव्हा स्पेनच्या व्हॅलेन्सियात शेकडो घोडे एका लांबलचक स्पर्धेसाठी जमले होते. त्यांच्यात हर्पिसचा एक विषाणू पसरला, जो घोड्याच्या मज्जासंस्थेवर जातो. उभा घोडा मागच्या पायांवर कोसळतो. लक्षात येईपर्यंत काही घोडे तिथून निघून दुसऱ्या देशांत पोचले होते. युरोपभर मिळून १८ घोडे गेले. आंतरराष्ट्रीय महासंघाने मार्चमध्ये युरोपातल्या स्पर्धा थांबवल्या आणि व्हॅलेन्सियाला गेलेल्या घोड्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये ब्लॉक केल्या, म्हणजे दुसरीकडे त्यांची एंट्रीच होऊ नये. १२ एप्रिलला स्पर्धा परत सुरू झाल्या तेव्हा नवे नियम आले: रोज दोनदा थर्मामीटर लावून तापमान नोंदायचं, स्पर्धेला येण्याआधी ॲपवर माहिती भरायची. आपण आरोग्य सेतू उघडत होतो, तसं.

आता त्या ॲपमध्ये रोज खरं तापमान कोण भरतं? तबेल्यातला मोतद्दार. सकाळी ३८.७ आलं आणि दुपारी स्पर्धा असेल, तर ३८.७ लिहायचं की ३८.२? सर्व्हरला काय कळणार? इतकी यंत्रणा उभी केली तरी शेवटी सगळं त्या एका माणसाच्या खरेपणावर येऊन थांबतं.

आपलं सुवर्ण आणि आपले घोडे

आता भारतात येऊ. २६ सप्टेंबर २०२३, हांगझोऊ एशियाड. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण, १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतरचं पहिलं. हृदय आपल्या मुंबईचा. सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, मीही ठेवलं. पण त्या बातमीच्या खालच्या ओळी मी तेव्हा वाचल्या नव्हत्या. ही मुलं सरावासाठी वर्षानुवर्षं युरोपात राहत होती आणि त्यांचे घोडेही युरोपातूनच चीनला उडाले. टोकियो ऑलिंपिक खेळलेला फवाद मिर्झा, तोही जर्मनीत.

यात चांगले प्रशिक्षक आणि स्पर्धा तिकडे आहेत हा भाग आहेच. पण दुसरं कारणही आहे. भारतात वाढलेला घोडा तयार करून परदेशी स्पर्धेला न्यायचा तर आरोग्याच्या अटींवर तो अडतो. आफ्रिकन हॉर्स सिकनेसपासून भारत अधिकृतपणे मुक्त आहे, २०१४ पासून. पण बाकी? काही वर्षं शांत असलेल्या ग्लँडर्सने २००६ मध्ये पुन्हा डोकं वर काढलं, ते आपल्या महाराष्ट्रात. २००८ मध्ये घोड्यांच्या फ्लूची साथ उठली ती जम्मूच्या कटऱ्यात, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहणाऱ्या खेचर-तट्टांमध्ये, आणि देशभर पसरली. सर्रा अजून आहेच.

म्हणजे बघा, ड्रेसाजचा लाखो रुपयांचा घोडा आणि कटऱ्याचं खेचर यांची कधी भेट होत नाही. पण परदेशी अधिकाऱ्याच्या कागदावर दोघांचा देश एकच.

यावर भारताने जुलै २०२५ मध्ये एक वाट काढली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला जागतिक संघटनेने घोड्यांचं रोगमुक्त संकुल म्हणून मान्यता दिली. असं देशातलं पहिलंच. ग्लँडर्स, सर्रा, इन्फ्लुएन्झा, संसर्गजन्य रक्तक्षय आणि गोचिडांमुळे होणारा पायरोप्लाझ्मोसिस, या पाच रोगांपासून ते संकुल मुक्त आहे असं जगाने मानलं. कुंपण, कीटकनियंत्रण, कोण आत येतं-जातं याची नोंद आणि सतत तपासण्या, हे सगळं सिद्ध करून दाखवल्यावर. आता तिथल्या घोड्यांना परदेशी स्पर्धेचा रस्ता मोकळा होऊ शकतो.

मला याचा मनापासून आनंद आहे. एखादा भारतीय स्वार घरच्या मातीत वाढलेल्या घोड्यासह ऑलिंपिकला जाईल, ही कल्पनाच भारी आहे. पण इंजिनिअर म्हणून एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. सिस्टममध्ये बग असताना आपण एक स्वच्छ कोपरा वेगळा काढला, त्याला वर्कअराउंड म्हणतात. वर्कअराउंड वाईट नसतं, मीही दर आठवड्याला करतो. फक्त मूळ बग तिकीट बंद करायचं नसतं.

परत रॉकीकडे

तो मूळ बग कुठे आहे, ते मला माथेरानच्या काकांनी सांगितलं होतं. मला कळायला वेळ लागला.

समजा उद्या रॉकीच्या नाकातून पिवळं पाणी यायला लागलं. काकांना दोन रस्ते आहेत. डॉक्टरला फोन करायचा, किंवा चार दिवस थांबून बघायचं. सर्दीही असू शकते. फोन केला आणि ग्लँडर्स निघाला, तर रॉकी जाणार आणि हंगामाची कमाई पण जाणार. सरकारी नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण ती किती आणि कधी मिळेल याची काकांना खात्री वाटायला हवी ना? ती नसेल तर काका थांबणारच. मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो, खरं सांगतो. दरम्यान रॉकी शेजारच्या घोड्यासोबत एकाच टाकीत पाणी पीत राहणार.

पॅरिसमधलं १९२४ चं कार्यालय, बार्सिलोनाचं क्षेत्र, ॲप, चिप, पासपोर्ट, हे सगळं शेवटी त्या एका फोनवर उभं आहे. जो खरं सांगेल त्याचं नुकसान होणार नाही, हे देशांच्या बाबतीत जेवढं लागू तेवढंच घोडेवाल्याच्या बाबतीतही. तो फोन वेळेवर आला तर भारताच्या शून्यावर जग विश्वास ठेवेल. नाही आला, तर आपण मेरठसारखी आणखी चार कुंपणं बांधू आणि कुंपणाबाहेरचं कोणी बघणार नाही.

निघताना मी काकांना विचारलं होतं, "मग रक्ताचा रिपोर्ट काय आला?"

"काही कळवलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे चांगलाच असेल."

मीही तेव्हा मान डोलावली होती. आता वाटतं, रिपोर्ट चांगला आला असेल तर तोही त्यांना कोणीतरी फोन करून सांगायला हवा होता. पुढच्या वेळी नमुना द्यायला, किंवा स्वतःहून फोन करायला, त्यांचा हात त्यामुळेच तर पुढे होईल.

तर मंडळी, पुढच्या वेळी माथेरान, पाचगणी किंवा कुठल्याही चौपाटीवर घोड्यावर बसलात, तर घोडेवाल्याला एवढंच विचारा, शेवटची तपासणी कधी झाली आणि त्याचा रिपोर्ट मिळाला का. उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा. वाचतोय मी सगळं. भेटू पुढच्या एपिसोडला!